विंडोज १० नंतर घरच्या संगणकाचे काय? लिनक्स मिंट २२ चे परीक्षण

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला नियमित सुरक्षा अपडेट देणे थांबवले आणि ज्या लॅपटॉपांत टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नाही किंवा ज्यांचा इंटेल प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा आहे, त्यांतील बहुतेकांना विंडोज ११ चे दार अधिकृतपणे बंद असल्यामुळे, चालत्या स्थितीतील यंत्राचे आता काय करायचे, हा प्रश्न अनेक घरांपुढे आला. आणखी एका वर्षाच्या वाढीव अपडेटची सोय कंपनीने ठेवली आहे. पण ती घेण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते उघडून संगणक त्याला जोडावा लागतो. या प्रश्नावर जाणकार मंडळी बहुतेक वेळा लिनक्स मिंट या, विंडोजऐवजी बसवता येणाऱ्या मोफत कार्यप्रणालीचे नाव सुचवतात. त्याच्या २२ या मालिकेचे, म्हणजे जुलै २०२४ मध्ये आलेल्या ‘विल्मा’पासून सुरू झालेल्या आवृत्त्यांचे, सिनॅमन या डेस्कटॉपसह, म्हणजे पडद्यावरच्या मांडणीसह, केलेले हे परीक्षण आहे. ते करताना सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा आणि आठ जीबी रॅमचा एक घरगुती लॅपटॉप डोळ्यांपुढे ठेवला आहे.

निर्णय आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचा वेळ वाचेल. ज्या घरात संगणकाचा उपयोग ब्राउझर, ईमेल, बँक, पत्रे, मराठी लेखन, फोटो आणि व्हिडिओ यांपुरता आहे, तिथे मिंट निःशंकपणे बसवावे. ज्या दुकानात टॅलीवर हिशेब लिहिले जातात किंवा ज्या छपाईच्या कचेरीत जुन्या मराठी फाँटमधील मजकूर रोज उघडावा लागतो, तिथे मात्र ते मुख्य संगणकावर बसवण्याच्या भानगडीत पडू नये.

आता तुलनेविषयी. मिंट मोफत आहे, हा त्याच्या बाजूने केला जाणारा पहिला युक्तिवाद आपल्याकडे फारसा चालत नाही, कारण आपल्या बहुतेक घरांत विंडोजदेखील मोफतच, किंवा दुरुस्तीवाल्याला दिलेल्या काहीशे रुपयांत, आलेली असते. लॅपटॉप मंद झाला की तो कोपऱ्यावरच्या दुकानात जातो, फॉरमॅट होतो आणि ऑफिस, फोटोशॉप, अँटिव्हायरस अशा सगळ्या सरंजामासह ‘ॲक्टिव्हेट’ होऊन परत येतो. हे ॲक्टिव्हेशन ज्या छोट्या प्रोग्रामने केले जाते, तो चालवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करावा लागतो आणि प्रोग्रामला संगणकावरील सर्वोच्च अधिकार द्यावे लागतात. तो कोणी लिहिला, त्यात आणखी काय भरले आहे, हे दुकानदारालाही माहीत नसते. याच संगणकावरून पुढे नेटबँकिंग होते, पॅन आणि आधार कार्डांच्या प्रती त्यात साठवल्या जातात. खासगीपणाची चर्चा करताना आपण मोठ्या कंपन्या काय पाहतात यावर तावातावाने बोलतो आणि या अनामिक प्रोग्रामकडे साफ दुर्लक्ष करतो, हे मला फार दिवसांपासून खटकते. मिंटची खरी तुलना करायची तर ती या विंडोजशी करावी लागेल आणि तिथे मिंट स्पष्टपणे सरस ठरते. रीतसर विकत घेतलेल्या, अपडेट मिळत असलेल्या विंडोज ११ शी तुलना केली, तर फरक उरतो, पण तो बराच अरुंद होतो.

बसवण्याची प्रक्रिया सोपी आहे. सुमारे तीन जीबीची फाइल उतरवायची, ती पेन ड्राइव्हवर लिहायची आणि संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा. मग डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, कॅमेरा आणि टचपॅड चालतात की नाही हे तपासता येते. ही तपासणी कोणीही टाळू नये, कारण काही वायफाय चिपसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो उतरवायला इंटरनेट लागते. अशा वेळी मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरणे हा हमखास चालणारा उपाय आहे. विंडोज ठेवून शेजारी मिंट बसवायचे असेल, तर विंडोजने डिस्क बिटलॉकर या आपल्या सोयीने कुलूपबंद केली आहे का ते आधी पाहून तिची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. मिंटच्या अधिकृत अटींनुसार दोन जीबी रॅम पुरते आणि चार जीबी असल्यास बरे. पण आजची संकेतस्थळे इतकी जड झाली आहेत की चार जीबीच्या खाली ब्राउझरच रडकुंडीला येतो. ‘लिनक्स टाकल्यावर लॅपटॉप नव्यासारखा पळू लागला’ अशा ज्या कथा ऐकू येतात, त्यांतील निम्मे श्रेय त्याच वेळी बसवलेल्या एसएसडी या वेगवान डिस्कचे असते, हेही इथे नोंदवून ठेवावेसे वाटते.

सिनॅमनचा पडदा विंडोज ७ वापरलेल्या माणसाला परका वाटत नाही. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. फाइलींसाठी नेमो नावाचा नीटस प्रोग्राम. हा डेस्कटॉप मिंटच्या मंडळींनी २०११ मध्ये, ग्नोम या लिनक्सवरील दुसऱ्या डेस्कटॉपच्या तिसऱ्या पिढीने जुनी मांडणी मोडीत काढल्यावर, तिच्यापासून वेगळा काढून वाढवला आणि तेव्हापासून त्यात मुद्दाम उलथापालथ केलेली नाही. माझ्या मते मिंटचा हा सर्वांत मोठा गुण आहे आणि त्याचे कौतुक सर्वांत कमी होते. साठी ओलांडलेल्या माणसाला दर दोन वर्षांनी बटणांच्या जागा पुन्हा शिकायला लावणे हा एक प्रकारचा उद्धटपणाच असतो आणि मिंट तो करत नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने खरी परीक्षा टंकलेखनाची आहे, म्हणून तिथे थोडे थांबतो. इन्स्क्रिप्ट ही सरकारी मानकाची कीबोर्ड-मांडणी वापरणाऱ्यांना काहीही वेगळे बसवावे लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीची मांडणी जोडली आणि भाषा बदलण्याची कळ ठरवली की काम सुरू होते. १९९१ च्या भारतीय मानकातील कळांच्या जागा इथे जशाच्या तशा असल्यामुळे सरकारी कचेरीत हात बसलेल्या माणसाला काहीही नव्याने शिकावे लागत नाही. ‘दुसऱ्या’ किंवा ‘वाऱ्यावर’ यांतील अर्धा र, ज्यावरून अनेक मोबाइल कीबोर्डांनी आजही मराठी माणसाला छळले आहे, तो शिफ्टसह र ची कळ, मग हलन्त, मग य, अशा सरळ क्रमाने येतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांना मात्र थोडी खटपट करावी लागते. आयबस हे टंकलेखनाचे साधन आणि त्यासोबतचा एम१७एन हा टंकन-पद्धतींचा संच बसवला की आयट्रान्स, गमभन, रेमिंग्टन अशा अनेक पद्धती उपलब्ध होतात. परंतु गूगलच्या साधनांची सवय असलेल्यांना त्या कोरड्या वाटतील, कारण त्या शब्द सुचवत नाहीत. ठरलेल्या नियमाने अचूक ऱ्हस्व-दीर्घ टंकित केले तर अचूक उमटेल, चुकीचे केले तर चूकच उमटेल. दुसऱ्या बाजूने पाहिले तर टंकलेला प्रत्येक शब्द सुचवण्यासाठी कुठल्या सर्व्हरकडे जात नाही, हा या कोरडेपणाचाच फायदा आहे.

फाँटच्या बाबतीत एक बारकावा सांगण्यासारखा आहे. मराठीतील ल आणि श यांची वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी यांसारख्या मुक्त फाँटमध्ये दोन्ही वळणे भरलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे प्रोग्रामला कळवले, तरच मराठी वळण उमटते. मिंटसोबत येणाऱ्या लिब्रेऑफिस या ऑफिस-संचात भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन जटिल लिपींची सोय सुरू करावी आणि तिथे मराठी निवडावी. मग पाठ्यपुस्तकात शिकलेला पाकळीदार ल कागदावर दिसतो. ही सोय आहे हे बहुतेकांना माहीतच नसते आणि मिंटच्या स्वागत-पडद्यावरही तिचा उल्लेख नाही. संपूर्ण प्रणाली मराठीत चालवण्याचा पर्याय मात्र मी सुचवणार नाही. भाषांतर अर्धवट असल्यामुळे एकाच खिडकीत तीन बटणे मराठीत आणि दोन इंग्रजीत दिसतात आणि अडचण आली की इंटरनेटवरील उत्तरांत सांगितलेली नावे पडद्यावर सापडत नाहीत.

खरी अडचण जुन्या कागदपत्रांची आहे. युनिकोड हे सर्व लिपींचे समान मानक सार्वत्रिक होण्यापूर्वीच्या काळात, आणि अनेक छापखान्यांत आजही, मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती किंवा डीव्ही-टीटी सुरेख अशा फाँटमध्ये टंकित होत आला आहे. या फाइलींत प्रत्यक्षात रोमन चिन्हेच साठवलेली असतात आणि तो विशिष्ट फाँट संगणकावर असेल, तरच ती मराठी दिसतात. मिंटवर अशी फाइल उघडली की पानभर अगम्य चिन्हांची रांगोळी दिसते. हा दोष लिनक्सचा नाही, फाँट नसलेल्या विंडोजवरही तेच घडते. पण ते फाँट आणि त्यांची टंकलेखन-साधने विंडोजसाठी बनलेली, काही तर संगणकाला जोडायच्या हार्डवेअर लॉकसह विकलेली, असल्यामुळे लिनक्सवर गेलेल्या माणसाचा परतीचा रस्ता तुटतो. उपाय म्हणून लोक मजकूर कुठल्याशा रूपांतर-संकेतस्थळावर चिकटवतात. कवितासंग्रहासाठी ते ठीक आहे. पण संस्थेच्या सभेचे इतिवृत्त किंवा मालमत्तेच्या वाटणीचा मसुदा अनोळखी संकेतस्थळावर चिकटवणारा माणूस खासगीपणासाठी लिनक्सवर आला असेल, तर त्याने केलेली सगळी मेहनत तिथेच वाया जाते. यांपैकी काही रूपांतरके ब्राउझरमध्येच चालणारी असतात. त्यांचे पान संगणकावर उतरवून, इंटरनेट बंद करून वापरता येते आणि तसेच वापरावे.

लिब्रेऑफिसविषयी फार लिहीत नाही. पत्र, अर्ज, साधे हिशेबाचे तक्ते, सभेची निमंत्रणे यांसाठी ते पुरेसे आहे. मॅक्रो भरलेली एक्सेलची फाइल किंवा कोष्टकांनी गच्च भरलेला वर्डचा नमुना दुसऱ्याकडून आला आणि तो भरून जसाच्या तसा परत पाठवायचा असला, की रेघा हलतात, ओळी पुढच्या पानावर जातात आणि समोरचा माणूस तुम्हालाच दोष देतो.

आता खासगीपणा. मिंट बसवताना कोणतेही ऑनलाइन खाते मागितले जात नाही, इंटरनेट नसले तरी काम पूर्ण होते आणि प्रणाली तुमच्या वापराची माहिती स्वतःच्या निर्मात्यांकडे पाठवत नाही. विंडोज ११ होमची रीतसर बसवणी मायक्रोसॉफ्टचे खाते मागते आणि तिच्या निदान-माहितीचा ‘आवश्यक’ ठरवलेला भाग घरगुती ग्राहकाला बंद करता येत नाही. पडद्याची छायाचित्रे ठरावीक अंतराने साठवणारी ‘रिकॉल’ ही सोय मे २०२४ मध्ये जाहीर झाली. तेव्हा झालेल्या टीकेनंतर कंपनीने ती लांबणीवर टाकली आणि वापरणाऱ्याने स्वतः सुरू केल्याशिवाय ती चालणार नाही, असा बदल केला. ती विशिष्ट नव्या यंत्रांपुरतीच आहे, त्यामुळे जुन्या लॅपटॉपच्या मालकाला तिची भीती घालणे हा निव्वळ प्रचार होय. लिनक्सच्या काही समर्थकांनी तो मोठ्या हिरिरीने केला.

मुक्त स्रोत, म्हणजे सर्वांना पाहता येणारा कोड, असला की आपोआप खासगीपणा, हे समीकरणही टिकत नाही. ज्या उबंटू या दुसऱ्या लिनक्स-प्रणालीच्या पायावर मिंट उभे आहे, त्याच उबंटूने ऑक्टोबर २०१२ च्या १२.१० आवृत्तीत मेनूत टंकलेले शोधशब्द ॲमेझॉनच्या खरेदी-सूचनांसाठी बाहेर पाठवायला सुरुवात केली होती. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी या सोयीला हेरगिरी म्हटले आणि २०१६ च्या १६.०४ मध्ये ती सोय मूळ मांडणीत बंद झाली. मिंट हे उबंटूतील न पटणाऱ्या गोष्टी वगळून घेते. उदाहरणार्थ, उबंटूच्या कंपनीच्या एकाच ऑनलाइन दुकानातून येणारी, प्रोग्राम बसवण्याची स्नॅप ही पद्धत मिंटने २०२० मध्ये आपल्या मूळ मांडणीतून हद्दपार केली आणि क्रोमियम ब्राउझर स्वतः बांधायला घेतला. पण मिंटलाही पैसा लागतो. आधी फायरफॉक्स या त्यासोबतच्या ब्राउझरमध्ये त्याची स्वतःची शोध-भागीदारी असे. जानेवारी २०२२ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाशी करार झाल्यापासून फायरफॉक्स मोझिलाच्या मूळ मांडणीसह येतो, म्हणजे त्यात शोधासाठी गूगल असते. ज्यांना हे नको आहे त्यांनी पहिल्याच दिवशी शोध-यंत्र बदलावे आणि तांत्रिक माहिती पाठवण्याचा पर्याय बंद करावा. ते न करता वर क्रोम उतरवून त्यात खाते उघडले, तर खाली विंडोज आहे की मिंट, याने गूगलला कळणाऱ्या गोष्टींत काडीचाही फरक पडत नाही.

मिंटच्या मूळ मांडणीतील तीन गोष्टी मला पटत नाहीत. नेटवर्कवरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारी फायरवॉल दिलेली आहे, पण ती बंद असते. डिस्क कुलूपबंद करण्याचा पर्याय बसवणीच्या वेळी ‘प्रगत’ या बटणामागे दडलेला आहे, तो समोर विचारला जायला हवा होता. लॅपटॉप चोरीला गेला किंवा दुरुस्तीला दिला, तर घरातील कागदपत्रांचे रक्षण करणारी ती मुख्य गोष्ट आहे. आणि सिनॅमन अजूनही मूळ मांडणीत एक्स११ या, पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या जुन्या पद्धतीवर चालते, जिच्यात एका प्रोग्रामला दुसऱ्या खिडकीतील कळा टिपता येतात. वेलँड या नव्या पद्धतीचा प्रायोगिक पर्याय असला, तरी मराठी टंकलेखन रोज करणाऱ्याने तूर्त जुन्यावरच राहिलेले बरे. म्हणूनच कुठलाही अनोळखी प्रोग्राम उतरवून चालवू नये, हा नियम इथेही तितकाच लागू आहे. या बाबतीत २२ मालिकेने एक चांगला बदल केला आहे. फ्लॅटपॅक या, सर्व लिनक्सवर चालणाऱ्या स्वरूपातील ज्या प्रोग्रामांचे मूळ निर्माते पडताळलेले नाहीत, ते सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये आता आपोआप दिसत नाहीत.

‘कोड उघडा आहे, म्हणजे हजारो डोळे तो पाहतात’ हा दावाही अलीकडे कसोटीला लागला. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या साधनात चोरदरवाजा सापडला. तो घालणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक योगदान देत विश्वास मिळवला होता. तो सापडला तोही अँड्रेस फ्रॉइंड या एका अभियंत्याला, दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा छडा लावताना. आणि हे गृहस्थ नोकरीला होते मायक्रोसॉफ्टमध्ये. उबंटू २४.०४ ची चाचणी-आवृत्ती त्यामुळे एक आठवडा पुढे गेली आणि मिंट २२ त्याच २४.०४ वर बांधलेले आहे. हजारो डोळ्यांपैकी एकच जोडी कामी आली, हे खरे; पण कोड बंद असता तर तीही आली नसती. मिंटची स्वतःची कसोटी फेब्रुवारी २०१६ मध्ये झाली. त्याच्या संकेतस्थळात घुसून हल्लेखोरांनी १७.३ सिनॅमनच्या दुव्यावर चोरदरवाजा घातलेली फाइल लावली होती आणि प्रकल्पाचे प्रमुख क्लेमाँ लफेव्र यांनी ते स्वतःच तातडीने जाहीर केले. उतरवलेल्या फाइलीची बेरीज-पडताळणी (चेकसम), म्हणजे ती मूळ फाइलच आहे ना याची आकड्यांनी तपासणी, करा, असे मिंटच्या मार्गदर्शिकेत का सांगितले आहे, हे यावरून समजावे. शेजाऱ्याने दिलेला तयार पेन ड्राइव्ह वापरणे म्हणजे दुरुस्तीवाल्याच्या विंडोजकडेच दुसऱ्या वाटेने परतणे आहे.

काय चालत नाही, ते थोडक्यात. टॅली आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत, अडोबीच्या फोटोशॉप-इनडिझाइनच्याही नाहीत. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरणाऱ्या कर-सल्लागारांनी आपल्या टोकनच्या ड्रायव्हरची आधी चौकशी करावी. नवे नेटवर्क प्रिंटर जोडताक्षणी चालतात, पण झेरॉक्सच्या दुकानांत वर्षानुवर्षे टिकून असलेले काही जुने लेझर प्रिंटर डोके फिरवतात. ओटीटीवरील चित्रपट दिसतात, मात्र काही सेवा लिनक्सवर कमी स्पष्टतेचेच चित्र देतात.

शेवटी राहतो दुरुस्तीचा प्रश्न. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि टाइमशिफ्ट हे साधन सुरू ठेवले, तर फसलेल्या अपडेटनंतर प्रणाली आदल्या दिवसाच्या स्थितीत परत नेता येते. फोटो आणि कागदपत्रे मात्र ते मूळ मांडणीत सांभाळत नाही, त्यांची प्रत बाह्य डिस्कवर वेगळी ठेवावी लागते. पण काही बिघडलेच, तर कोपऱ्यावरचा दुकानदार सहसा ‘विंडोज टाकून देतो’ एवढेच सांगेल. त्यामुळे आईवडिलांच्या लॅपटॉपवर मिंट बसवून पुण्याहून किंवा परदेशातून फोनवर मदत करण्याचा विचार असेल, तर गावी असतानाच दूरस्थ मदतीचा एखादा प्रोग्राम बसवून तो चालतो याची खात्री करून घ्यावी आणि लॅपटॉप दुकानात देण्याची वेळ आलीच तर ‘फॉरमॅट करायचे नाही’ अशी चिठ्ठी त्याच्या झाकणावर चिकटवावी.